सी इमारतीत अजून एक जण

पाक मार्वोतोला, म्हणजे आमच्या मार्वोतोकाकाला, काही विचारायचं असेल तर जपून विचारा. माणूस फार फटकळ झालाय. कॅन्टीनवाल्या बाईने परवा सहज म्हटलं, "पाक, रस्सा कसा झालाय..." तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत हा म्हणाला, "खारट." बाई बिचारी डाव हातात धरून उभीच राहिली. आमच्या जावा बेटावर असं कुणी बोलतं का? इथे खारट रश्शाला 'आज वेगळीच चव आहे हं' म्हणायचं आणि गुपचूप दोन पेले पाणी प्यायचं. पाहुणा भुकेने कळवळत असला तरी 'आत्ताच जेवलो' म्हणणार, आणि घरात तांदळाचा दाणा नसला तरी यजमान 'बसा, वाढतो' म्हणणार. याला आम्ही सुंकान म्हणतो. भीड, मान, संकोच, सगळं एकाच भांड्यात शिजवलेलं.

आणि या सुंकानमध्ये मार्वोतोचा हात धरणारा कुणी नव्हता. सत्तावन्न वर्षांत त्याने कुणाला तोंडावर 'नाही' म्हटल्याचं त्याच्या बायकोलाही आठवत नाही. मग हा असा कशाने झाला? म्हातारचळ लागला, म्हणतात पोरं. म्हातारचळ कसला डोंबलाचा! काय झालं ते ठाऊक नसलं की माणसं असलं काहीतरी बरळतात.

सेमेरू डोंगराच्या उतारावर आमचं विद्यापीठ आहे. तिथल्या सी इमारतीचा मार्वोतो सत्तावीस वर्षं राखणदार होता. चार मजले, त्र्याऐंशी खोल्या, त्र्याऐंशी किल्ल्या. जुडगा कमरेला, आणि प्रत्येक किल्लीला बायकोच्या जुन्या बाटिकची चिंधी बांधलेली: पहिला मजला तपकिरी, दुसरा निळा, असं. किल्ल्यांचा आवाज जिन्यात आला की जेवणानंतर टेबलावर डोकं टेकलेले प्राध्यापक सरळ बसायचे. कुठल्या खोलीची खिडकी लागत नाही, कोण बायकोशी भांडला की उशिरापर्यंत कचेरीत बसतो, कुठली पोरगी नापास झाली की तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात जाऊन रडते, सगळं त्याला ठाऊक. इमारतीत किती माणसं आहेत हे त्याला विचारलं तर तो डोळे मिटून सांगायचा, आणि दोन-चारांपलीकडे चूक नसायची.

मग आमचा कॅम्पस हुशार करायचं ठरलं. दाराला कार्ड, छतात माणसाची चाहूल घेणारे डोळे, खोलीत कुणी नसलं की दिवा आपोआप बंद, पाण्याची टाकी भरली की पंप आपोआप बंद. सगळी यंत्रं म्हणे एकमेकांशी बोलणार. दिवा दाराला सांगणार, दार पंख्याला सांगणार.

"छान," मार्वोतो घरी बायकोला म्हणाला. "सगळे एकमेकांशी बोलणार. माझ्याशी बोलायला मात्र कुणी उरणार नाही."

"मी आहे ना," बायको म्हणाली.

"तू बोलत नाहीस, तू ओरडतेस."

हे काम ज्या मुलीच्या हाती होतं ती इंजिनियर, हप्सरी. असेल तिशीची. ठेंगणी, भरभर चालणारी, डोक्याच्या रुमालात कानाजवळ पेन्सिल खोचलेली. सगळे तिला म्बाक हप्सरी म्हणायचे, म्हणजे हप्सरीताई. मार्वोतोला वाटलं होतं, येईल आणि हुकूम सोडेल. तसं काही झालं नाही. ती त्याच्या टेबलाशी स्टूल ओढून बसली आणि आपण वडीलधाऱ्यांशी बोलतो तशा अदबीच्या जावानीजमध्ये बोलायला लागली.

"पाक, उद्या मोठा भूकंप झाला आणि सगळे मैदानात पळाले, तर आत कोण राहिलं हे तुम्हाला कसं कळणार?"

"हाक मारीन."

"आणि ज्याला ओ देता येत नसेल तो?"

मार्वोतो कमरेचा जुडगा चाळवत राहिला. ती म्हणाली, "भूकंपानंतर माझ्या आजीला तसंच हाका मारत शोधत होते, पाक. शेजारच्या घरात. ती आमच्याच स्वयंपाकघरात होती. म्हणून मला हे करायचंय. दिवे-पंखे म्हणजे वरचा मसाला. मला फक्त तो आकडा हवाय, आत किती आणि कोण."

जुडगा द्यायचा दिवस आला. मार्वोतोने तो टेबलावर ठेवला आणि हात मागे घेताना तो काही क्षण तसाच रेंगाळला. कचेरीतले लोक सह्या करण्यात गुंतलेले, कुणाचं लक्ष नव्हतं. हप्सरीचं होतं. तिने जुडग्यातली एक किल्ली सोडवली, कचऱ्याच्या मागच्या दाराची, आणि त्याच्यापुढे सरकवली.

"इथेही यंत्र बसवायला हवं खरं तर," ती म्हणाली. "नाहीतर मोजणीला भोक राहील."

"कचऱ्याच्या दाराला कसलं यंत्र, म्बाक?" मार्वोतो कसानुसा हसला. "डबे नेताना मीच तर उघडतो. मी आहे ना तिथे."

तिने त्याच्याकडे पाहिलं. "बरं. मग ही राहू दे तुमच्याकडे. या दाराचं यंत्र तुम्ही."

त्याला इतका आनंद झाला की त्या दिवशी त्याने घरी जाताना बायकोसाठी तळलेली केळी नेली. बायकोने विचारलं, कुणी मेलं का काय?

आता बु लास्मी. बु म्हणजे बाई. लास्मी चौथा मजला झाडायची. ठेकेदाराकडची माणूस, वयाने मार्वोतोपेक्षा दोनेक वर्षांनी लहान. तिच्या नवऱ्याला अर्धांगवायू झालेला, डावी बाजू पूर्ण गेलेली. दुपारी त्याला कुशीवर वळवायला आणि पातळ भात भरवायला शेजारीण यायची, पण मंगळवारी आणि गुरुवारी शेजारणीचं कुराणपठण असायचं. पूर्वी त्या दोन दिवशी लास्मी दीड वाजता निघायची, मार्वोतो बघून न बघितल्यासारखं करायचा, आणि दुनिया चालायची. कार्ड आल्यावर पंचाईत झाली. साडेतीनच्या आधी कार्ड बाहेर पडलं की ठेकेदाराचं पत्र, आणि तीन पत्रं झाली की घरी बसा.

एका मंगळवारी ती टेबलाशी येऊन उभी राहिली. हातातलं फडकं पिळत. फडकं कोरडं होतं.

"पाक... तितिप करू का?"

तितिप म्हणजे आपलं काम दुसऱ्यावर सोपवणं. आमच्याकडे सगळं जग तितिपवर चालतं. बाजारात जाणाऱ्याकडे मिरच्या तितिप, गावाला निघालेल्याकडे आईची औषधं तितिप, आणि वर्गात न जाणाऱ्या पोराची हजेरी दोस्ताकडे तितिप. प्रोफेसर लोकांनीही त्यांच्या काळात हेच केलेलं. त्यात लबाडी वाटत नाही कुणाला. उलट नाही म्हणणारा माणूस हलकट ठरतो.

मार्वोतो काय नाही म्हणणार! त्याने कार्ड सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि कमरेची ती एकुलती एक किल्ली काढून मागचं दार उघडलं. साडेतीनला पुढच्या दाराच्या यंत्रावर तिचं कार्ड टेकवलं. टुंग झालं. टेबलावरच्या पाटीएवढ्या पडद्यावरचा 'आत किती' हा आकडा एकाने कमी झाला. मार्वोतोला खरं तर जरा मजाच वाटली. एवढं हुशार यंत्र, आणि बनवलं की नाही एका म्हाताऱ्याने!

ते सगळं आठ महिने चाललं. लास्मी कधी केळीच्या पानात गोड भात आणून ठेवायची, तो म्हणायचा कशाला त्रास, ती म्हणायची त्रास कसला. अशी त्यांची भाषणं.

मग तो मंगळवार आला. दुपारचे दोन वाजायला आठ मिनिटं कमी होती. मार्वोतोच्या कॉफीच्या पेल्यावरचं झाकण आधी थरथरलं, मग पेला, मग टेबल. आम्हाला हलण्याची सवय आहे; पहिल्या धक्क्याला आम्ही एकमेकांकडे बघतो. पण हा थांबेना. वरच्या मजल्यावरून काचा कोसळल्याचा आवाज आला आणि पोरं जिन्याने लोंढ्यासारखी खाली आली. दिवे गेले. दारं आपोआप सताड उघडली, हे मात्र हप्सरीने बसवलं होतं तसंच झालं. पोरं पळतापळता कार्ड टेकवत होती, कारण वर्षभर तिने त्यांच्याकडून ते घोटून घेतलं होतं. मार्वोतो पडद्याची पाटी बगलेत मारून सगळ्यांच्या शेवटी बाहेर पडला.

मैदानात मोठ्या शिरीषाखाली सगळे जमले. कुणी रडतंय, कुणी आईला फोन लावतंय, कुणी एका पायात चप्पल. हप्सरी धावत आली आणि तिने पाटी हातात घेतली. छतातले डोळे वीज गेल्यावर मिटले होते, पण कार्डांचा हिशेब बॅटरीवर चालू होता. दोनशे चौदा माणसांपैकी दोनशे तेरा बाहेर. पडद्यावर मोठा लाल आकडा: एक. खाली नाव: लास्मियाती, चौथा मजला.

मार्वोतोच्या खिशात, छातीला लागून, ते कार्ड होतं.

पहारेकरी तुकिमिन, त्याचा वीस वर्षांपासूनचा दोस्त, ओरडला, "बु लास्मी वर राहिली! बादल्यांच्या खोलीत असणार. ते दार अडकतं!"

"बंबवाल्यांना किती वेळ?" हप्सरीने विचारलं.

"रस्ता तुंबलाय. वीस मिनिटं तरी."

तिने इमारतीकडे पाहिलं. मग वळून सरळ मार्वोतोजवळ आली, इतकी जवळ की तिच्या कपाळावरचा घाम त्याला दिसला. आवाज खाली आणून म्हणाली, "पाक. बु लास्मी आत आहेत का?"

किती सोपा प्रश्न! हो किंवा नाही. मार्वोतोने तोंड उघडलं. आजूबाजूला माणसं होती. तुकिमिन होता, दोन प्राध्यापक होते, ठेकेदाराचा मुकादम तर हातभरावर उभा. 'नाहीत' म्हटलं की 'तुम्हाला कसं माहीत' येणार. मग खिशातलं कार्ड. मग लास्मीची नोकरी, मग तिचा नवरा, मग आपली सत्तावीस वर्षं. हे सगळं एका श्वासात त्याच्या डोक्यातून गेलं. आणि तो म्हणाला,

"पडद्यावर दिसतंय ना, म्बाक."

हे एवढंच. खोटं म्हणावं तर खोटंही नाही. पडद्यावर दिसतच होतं.

हप्सरी अर्धा क्षण त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने कुणाच्यातरी डोक्यावरचं पिवळं शिरस्त्राण काढून घेतलं आणि पळत सुटली. तुकिमिन लंगडत मागे गेला, "म्बाक, थांबा! अहो थांबा!" पण त्याचा गुडघा दोन पायऱ्यांत अडला.

मार्वोतोने मनाशी हिशेब केला. चार मजले, दोन मिनिटं. बादल्यांची खोली रिकामी बघेल, येईल खाली. मग आपण म्हणू, अरे हो, मागच्या दाराने गेली असेल. पहिलं मिनिट गेलं. त्याच्या पायांना जायचं होतं, ओरडायचं होतं, 'कुणी नाही वर, परत या!' शब्द गळ्यापर्यंत आले आणि मुकादमाने शेजारी खाकरून थुंकल्यावर परत खाली गेले. दुसरं मिनिट गेलं. तिसऱ्या मिनिटाला त्याने हाक मारली, खरंच मारली, "म्बाक!" पण त्याच वेळी जमीन पुन्हा हलली. पहिल्यापेक्षा लहानच धक्का होता तो. पण पहिल्याने खिळखिळी झालेली तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावरची विटांची भिंत त्याने पाडली.

ती खाली उतरत होती. वर कुणी नाही हे बघून.

तिला बाहेर काढत होते तेव्हा दोरीपलीकडच्या गर्दीतून लास्मी धापा टाकत आली. धक्का बसल्याबरोबर नवऱ्याला शेजाऱ्यांच्या हवाली करून ती कुणाच्यातरी मोटरसायकलवर बसून निघाली होती, आपली माणसं वाचली का बघायला. तिच्या बोटांना अजून भात चिकटलेला.

"बु लास्मी!" तुकिमिन भुतासारखा पाहतच राहिला. "तुम्ही आत होता ना?"

लास्मीने मार्वोतोकडे बघितलं. आणि ज्याच्या तोंडून तीन मिनिटं एक शब्द फुटत नव्हता, तो माणूस आता पटकन बोलला. "मागच्या दाराने निघाल्या असतील. तिथे यंत्रच नाही ना." आणि गडबडीत तिला सावरल्यासारखं करून ते कार्ड त्याने तिच्या मुठीत कोंबलं.

हप्सरीचा उजवा पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

त्यानंतरचे दिवस मार्वोतोने कसे काढले ते त्याचं त्यालाच ठाऊक. बायको ताटात सोयाबीनचं टेम्पे वाढायची, तो ताटाकडे बघत बसायचा. "भूत बघितलंत का?" ती विचारायची. तो म्हणायचा, "पोट भरलंय." खाई त्याला खवखवे म्हणतात, इथे तर खाल्लेलं काही नव्हतं आणि खवखव मात्र जन्माची लागली. नमाजाला उभा राहिला की मोजणी सुरू व्हायची: एक मिनिट, दोन मिनिटं, तीन. दिवसभर कुणीही काही विचारलं, अगदी 'पाक, वेळ काय झाली?' इतकं जरी, तरी त्याचा हात सदऱ्याच्या खिशाकडे जायचा.

लास्मी एकदा घरी आली. ओट्यावर बसली, पाणीही घेतलं नाही.

"पाक, मी सांगून टाकते. मला झोप नाही. त्या पोरीचा पाय माझ्यापायी गेला."

"आणि तुमचे मालक? त्यांच्या गोळ्या कुठून आणाल?"

"बघेन काहीतरी. धुणी धुवीन."

"वेडेपणा करू नका, बु. झालेलं काही परत येतं का?"

ती उठली आणि गेली. मार्वोतो ओट्यावर बसून राहिला. लास्मीच्या नवऱ्याची काळजी वाटून आपण तिला गप्प बसवलं, असं त्याने मनाला सांगून पाहिलं. मनाने ऐकलं नाही. मनाला ठाऊक होतं की निवृत्तीला आठ महिने उरलेत आणि हा म्हातारा आपली कातडी वाचवतोय. बिचारीला तोंड होतं, तेही याने दाबलं.

चौकशी बसली. तीन साहेब, एक लांब टेबल. मार्वोतोला दोनच प्रश्न विचारले. मागच्या दाराला यंत्र होतं का? नव्हतं. बसवायची जबाबदारी कुणाची? इथे तो अडखळला, आणि साहेबच म्हणाले, इंजिनियरची, आणि त्याने मान हलवली. अहवालात लिहिलं गेलं की हुशार यंत्रणेने नसलेलं माणूस मोजलं, दोष बसवणारीचा. हप्सरीने तो कागद इस्पितळातच वाचला आणि सही केली. एका अक्षराने वाद घातला नाही, असं कारकून सांगत होता. "भली बाई हो. मीच चुकले म्हणाली."

आणि मग तो दिवस आला ज्याची मार्वोतोने वर्षभर मनातल्या मनात वाट पाहिली होती. कार्डं बंद. पडदा काढून नेला. कचेरीत सगळ्यांसमोर साहेबांनी त्याला किल्ल्यांचा जुडगा परत दिला. टाळ्या वाजल्या. "शेवटी माणूस तो माणूस!" साहेब म्हणाले. "यंत्राला काय कळतं?" तुकिमिनने पाठीत थाप मारली, "मार्वोतो, तुझं राज्य परत आलं रे!" बाटिकच्या चिंध्या तशाच होत्या, तपकिरी, निळ्या. मार्वोतोने जुडगा कमरेला लावला आणि जिना चढायला लागला. तिसऱ्या मजल्यावर भिंत नवी बांधली होती. गिलावा अजून ओला होता. तिथे तो थांबला आणि त्याच्याने पुढची पायरी चढवेना. आजवर कुणाकुणाच्या पोरी इथे बसून रडल्या होत्या. आता हा बसला.

तिथून उठला तो सरळ हप्सरीकडेच गेला.

पुढचं आधी सांगून टाकतो, म्हणजे जिवाला घोर नको. दुसऱ्या दिवशी सकाळी मार्वोतो साहेबांच्या दारात उभा राहिला आणि पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत सगळं बोलला. लास्मीबद्दल म्हणाला, कार्ड मी मागून घेतलं, तिची बिचारीची चूक नाही. साहेबांना ते पटलं नसावं, पण त्यांनाही कुठेतरी सुंकान आडवा आला असेल. लास्मीला एक पत्र मिळालं आणि काम राहिलं. मार्वोतोला निवृत्तीच्या सहा महिने आधी घरी पाठवलं. हप्सरीवर दोष ठेवणारा अहवाल फाडून नवा लिहिला. कार्डं परत आली, पडदा परत आला, मागच्या दारालाही यंत्र बसलं. मार्वोतो आता फाटकाबाहेर पोरांच्या दुचाक्या सांभाळतो. लोक म्हणाले, शेवटी बोलला तरी, मन मोकळं झालं असेल बिचाऱ्याचं. कसलं मोकळं! त्या संध्याकाळी तिच्या खोलीत काय झालं ते लोकांना माहीत नाही.

हप्सरी आईच्या घरी होती. खाटेवर उशीला टेकून बसलेली, मांडीवर चादर. चादर एका बाजूला लवकर सपाट होत होती. मार्वोतोने तिकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि आल्याआल्या तिकडेच बघितलं.

"अय्या, पाक! बसा ना. आई, पाकना चहा कर." तोच अदबीचा सूर, तीच पेन्सिल कानाजवळ. "जुडगा परत मिळाला म्हणे. ऐकून बरं वाटलं. खरंच."

त्या 'खरंच'ने त्याचा धीर सुटला. तो स्टुलावर बसलाच नाही, खाली फरशीवर बसला आणि बोलायला लागला. खिशातलं कार्ड, मागचं दार, आठ महिने. ती तीन मिनिटं. चौकशीत हलवलेली मान. शेवटी म्हणाला, "तुमचं यंत्र चुकलं नव्हतं, म्बाक. मी खोटं केलं त्याला. वर कुणी नाही हे मला ठाऊक होतं."

आतून पेल्यांचा आवाज येत होता.

"कार्डाचं मला माहीत होतं, पाक," ती म्हणाली.

मार्वोतोने मान वर केली.

"रमजानपासून. मंगळवारी आणि गुरुवारी दीडनंतर चौथ्या मजल्यावरचे दिवे विझायचे, आणि बु लास्मींचं कार्ड साडेतीनला बाहेर पडायचं. दोन तास अंधारात फरशी कोण पुसतं? मी चौकशी केली. त्यांच्या यजमानांचं कळलं. मग गप्प बसले. तुम्हाला सांगायचं तर... तुमच्यासारख्या माणसाला कसं सांगू? लाज वाटली." ती किंचित हसली. "म्हणून कागदावर सही केली. मोजणीला भोक आहे हे मलाही ठाऊक होतं आणि मी ते राहू दिलं. ते खोटं नाही."

"मग... मग तुम्ही वर का गेलात?" मार्वोतोचा आवाज फुटला. "माहीत होतं तर का गेलात, पोरी?"

"मंगळवार होता. मला वाटलंच होतं त्या नसतील. पण नक्की कसं सांगणार? कधीतरी एखाद्या मंगळवारी थांबल्याही असतील. तुकिमिन म्हणत होते वर अडकल्यात." तिने चादरीची सपाट बाजू हाताने सारखी केली. "म्हणून मी तुमच्याजवळ आले. हळू विचारलं, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. तुम्ही नुसती नाही म्हणून मान हलवली असती तरी मी थांबले असते. कसं माहीत, का माहीत, काहीही विचारलं नसतं."

मार्वोतोची मान खाली गेली.

"पडद्यावर काय दिसतंय ते मलाही दिसत होतं, पाक," हप्सरी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना. "मी पडद्याला विचारलं नव्हतं. तुम्हाला विचारलं होतं."

आई चहा घेऊन आली. तिला काहीच ठाऊक नव्हतं. तिने पेला मार्वोतोपुढे ठेवला आणि आपल्याकडे विचारतात तसं विचारलं, "साखर बरोबर आहे ना, पाक?"

त्याने पेला तोंडाला लावला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"नाही," तो म्हणाला. "साखर टाकायची राहिलीय."